टाळी मी कापणार नाही

विलास, तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक खोटं बोलले. एकेक जण माईक हातात घ्यायचा आणि सांगायचा, विलासभाऊ लई मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं न्हाई, कधी आवाज चढवला न्हाई. मी पुढच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसले होते आणि मनात म्हणत होते, अरे, कुणाबद्दल बोलताय? तू हट्टी होतास. सख्ख्या मामांशी तू अबोला धरलास, कारण त्यांनी एका लग्नात, वंदना चालू असताना, तू मागे ठेवलेला कॅमेरा पायात येतो म्हणून टेबलाखाली सरकवला. मनमिळाऊ म्हणे. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बायका पाठ थोपटायला लागल्या. त्यांना वाटलं, मी रडतेय. रडून माझं आधीच झालं होतं, ते त्यांच्यासमोर नाही.

दुसरं एक आधीच सांगून टाकते. घरात, पाहुण्यांत मी तुला कायम अहो म्हणत आले. अरे-तुरे फक्त दुकानात, कॉम्प्युटरसमोर, तेही भांडताना. आणि आपण तिथं भांडतच असायचो. आता तू नाहीस, तर चारचौघांत तूच म्हणते. कुणाला खटकलं तर त्यानं पुढं वाचू नये.

पेठ गावातलं आपलं दुकान म्हणजे हायवेच्या कडेचा एक गाळा. पुढे फोटो काढायचा पडदा, मागे मशीन. लग्न करून मी आले तेव्हा तू खांद्यावर तो बोजड व्हीएचएस कॅमेरा घेऊन हिंडायचास आणि तुझ्यामागे कुणीतरी हॅलोजन धरून चालायचं, त्या उजेडानं नवरी घामाघूम. मग छोट्या टेपांचे कॅमेरे आले, कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरबरोबर मी आले. मंचरला जाऊन मी कोर्स केला. शूटिंग तुझं आणि आतलं काम माझं, अशी वाटणी पडली: टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, जोडकाम करायचं, फाइल डीव्हीडीला चालेल अशी कन्व्हर्ट करायची, नवरा-नवरीचा फोटो टाकून मेनू बनवायचा. निम्म्यावर कन्व्हर्ट झालं की लाइट जायची. मग पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात तू चहा करायचास, हे मात्र कबूल करते. चहा तू चांगला करायचास.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा तू पुण्याहून ते सहा स्पीकरचं खोकं घेऊन आलास.

पुढे दोन, मधे एक, मागे दोन आणि जमिनीवर धमधम करणारा एक डबा. गाळ्यात तारांचं जाळं झालं, मी दोनदा अडखळून पडले. तू मला मधोमध प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलंस आणि कुठली तरी परदेशातली डिस्क लावलीस. पाऊस पडत होता. माझ्या मागे पडत होता. मी खरंच वळून बघितलं, आणि तू लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागलास. "बघितलंस? आता लग्नाच्या डीव्हीडीत असाच आवाज द्यायचा." मी म्हटलं, आंबेगाव-जुन्नरात कुणाच्या घरी सहा स्पीकर आहेत? तू म्हणालास, "आपल्या घरी हायेत की."  पालथ्या घड्यावर पाणी.

पण सहा स्पीकर भरायचे तर आवाजही वेगवेगळ्या जागी धरायला पाहिजे. पुढच्या दोन स्पीकरला मोठ्या कॅमेऱ्याचा आवाज. मधल्याला लग्न लावणाऱ्याचा माईक. धमधम डब्याला बँड. आणि मागच्या दोघांसाठी तू तुझा जुना हॅन्डीकॅम बाहेर काढलास. त्याचं भिंग गेलेलं, चित्र सगळं पांढरट यायचं, पण कान शाबूत होते. तो तू मांडवाच्या पार मागच्या बाजूला एका खुर्चीवर ठेवायचास, भिंगाचं झाकण लावूनच. जाणारा-येणारा दर माणूस सांगायचा, "भाऊ, कॅमेऱ्याचं झाकण राहिलंय." तू म्हणायचास, "झोपलाय तो, उठवू नका." गावोगाव तुला खुळ्यात काढलं लोकांनी. तुला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

आता दोन कॅमेऱ्यांचा आवाज एकमेकांशी जुळायला हवा. नाहीतर पुढे ओठ हलतात आणि मागचं गाणं दोन पावलं उशिरा येतं. त्यासाठी तुझी ती टाळी. दोन्ही कॅमेरे चालू केले की तू मांडवाच्या मधोमध जायचास, हात डोक्यावर न्यायचास आणि एकच, कडकडीत टाळी वाजवायचास. कॉम्प्युटरवर त्या टाळीचा आवाज सुईसारखा उभा दिसतो. दोन्ही फाइलींतल्या सुया एकाखाली एक आणल्या की सगळं जुळतं. मग टाळी कापून टाकायची. कामापुरती ती, डीव्हीडीत तिचं काय काम?

पण आपले लोक कसले. पहिल्या एक-दोन लग्नांत त्यांनी नुसतं बघितलं. मग कुठल्या तरी गावात तुझ्या टाळीबरोबर अख्खा मांडव टाळ्या वाजवायला लागला, आणि माझ्या पडद्यावर सुयांचं रान उगवलं. तू हात जोडून सांगितलंस, बाबांनो, एकच, माझी. झालं. लोकांना वाटलं, ह्याला काहीतरी अर्थ आहे. पुढच्या हंगामात नवरीचा मामा हळदीचं ताट अडवून उभा: "व्हिडिओवाल्याची टाळी झाली का? त्याबिगर हळद न्हाई लावायची." एकानं दुसऱ्याचं बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. पेठेपासून येडगावपर्यंत, जिथं जिथं आपली ऑर्डर, तिथं टाळीशिवाय हळद नाही. कुणी म्हणे नजर लागत नाही, कुणी म्हणे वाईट वारं पळतं. आपण बुद्धवंदना म्हणणारी माणसं, आणि आपल्या हातून एक नवी रूढी जन्माला आली. तू पोट धरून हसायचास. मीही हसले होते. तेव्हा ती रूढी माझ्याच वाटेत आडवी येईल असं वाटलं नव्हतं.

येडगावच्या बबनरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न आठवतंय? कसं विसरशील. शेतकरी घर, धरणाच्या कडेला, मोठा मांडव. बबनरावांची आई, चंद्राआज्जी, हळदीच्या सकाळी मांडवाच्या मागच्या कडेला बसली होती, इतर दोन-चार म्हाताऱ्यांबरोबर. नवरा गेलेल्या सगळ्या. हळद लावायला त्यांनी पुढे यायचं नाही. पण गाणी त्यांनाच येतात, पुढच्या सवाष्णींना दुसरं कडवं माहीत नसतं. म्हणून त्या मागे बसून गायच्या आणि पुढे हळद लागायची. चंद्राआज्जी सकाळभर गायली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तुझा झाकण लावलेला कॅमेरा.

त्यांच्या घरी साधा टीव्ही, दोन स्पीकरचा. म्हणून सहाचा आवाज दोनवर आणायचा होता. लाइट जायची वेळ झाली होती, मी माहेरी गेले होते, तू घाई केलीस. सॉफ्टवेअरनं पुढचे दोन घेतले आणि बाकीचे सोडून दिले. तू फक्त सुरुवात लावून बघितलीस आणि डिस्क काढलीस.

पहिल्यांदा डीव्हीडी बघायला आपल्याला चहाला बोलावलं होतं. घर भरलेलं. हळद आली. बँड आला, जनरेटर आला, पोरींचं खिदळणं आलं. गाणं आलं नाही. चंद्राआज्जी दाराशी बसून वाट बघत होती. बघता बघता हळद संपली, पाणी ओतून झालं, मांडवात पंगती बसल्या. तेव्हा ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "मी नव्हते व्हय रं, भाऊ, लग्नात?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरंच शंका आली होती. तुझा चहा तसाच राहिला. परत येताना गाडीवर तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, कामात चूक झाली म्हणून तुला लागलंय. चूक माणसाकडून होते, परत करून देऊ, असं मी म्हणत राहिले. तू मान हलवत राहिलास.

दुसऱ्या दिवशी तू जीपमध्ये सहाच्या सहा स्पीकर घालून येडगावला गेलास. मला बरोबर नेलंस, तारा लावायला. बबनराव म्हणाले, "आवो, डिस्क बदलून दिली आसती तरी चाललं आसतं." तू ऐकलं नाहीस. ओसरीत आज्जीला मधोमध खुर्चीवर बसवलंस, मागचा एक स्पीकर कणगीवर ठेवलास, दुसरा खिडकीत. हळद सुरू झाली. पुढे टीव्हीत सवाष्णी नवरीला हळद लावत होत्या, आणि मागून गाणं आलं.

हळदीचं बोट बाई
लागू द्या गं गालाला
नात माझी निघाली
कुकडीच्या पल्याडला

आज्जी खुर्चीतल्या खुर्चीत वळली. मागे कणगी होती. "मागं कोन गातंय?"

"आज्जी, तुमीच."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरा हाये की माझा आवाज." तू मान खाली घालून तारा गुंडाळायला लागलास, अजून डिस्क चालू होती तरी.

त्या दिवसापासून आपलं ते भांडण सुरू झालं, जे तू अर्धवट टाकून गेलास. मी म्हणत होते, तालुक्यात सगळ्यांचे टीव्ही दोन स्पीकरचे. मागचा आवाज पुढे आण, चांगला ठळक कर, म्हणजे कुणाच्याही घरात आज्जी ऐकू येईल. तू म्हणायचास, नाही. बाई जिथं बसली तिथूनच तिचा आवाज आला पाहिजे. पुढे आणला तर तिला मागे बसवली होती, हे कुणाला कळणारच नाही. बघणाऱ्याला मान वळवायला लागली पाहिजे. मी म्हणायचे, मान वळवायला सहा स्पीकर लागतात, आणि ते आणेपर्यंत बाई मरून जाते. तू म्हणायचास, मग खोटं करू का? मी म्हणायचे, ऐकूच येत नाही ते खरं काय कामाचं? मग लाइट जायची आणि तू चहा ठेवायचास.

शेवटी तू तुझंच खरं केलंस. दोन स्पीकरच्या डिस्कमध्ये मागचा आवाज असायचा, पण बारीक, दूरवरून आल्यासारखा. "दूरच हाये तो," म्हणायचास. मला तुझा राग यायचा. आजही येतो. मेलास म्हणून तू बरोबर होतास असं मी म्हणणार नाही.

तू गेल्यावर चुलत जाऊ बांगड्या फोडायला पुढे आली, मी हात मागे घेतला. म्हटलं, धम्म घेऊन आजेसासऱ्यांचा जन्म गेला आणि आपण अजून बांगड्यांत अडकलोय? ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?" लोकांना म्हणायला काय लागतं. तुझा भाऊ म्हणाला, दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ, वहिनी एकटी काय करणार? मी म्हटलं, जे दोघं करत होतो ते. पंधरवडा झाला नसेल, मी शटर वर केलं.

आणि येडगावहून फोन आला. बबनरावांच्या धाकटीचं लग्न. ऑर्डर तूच घेतली होतीस, आजारी पडायच्या आधी.

"वहिनी, विलासभाऊचं कळलं. लई वाईट झालं. आमची आई दोन दिस जेवली न्हाई."

मी म्हटलं, हो.

"ऑर्डर तुमचीच हाये, त्यात बदल न्हाई. फकस्त..." ते थांबले. "फकस्त टाळी आमचे थोरले जावई वाजवतील. हळदीच्या टायमाला तुमी आपलं मागं बसून मशीन बघा. राग मानू नका. माझं काय न्हाई, पर बायामाणसांचं आसतं."

"भाऊ," मी म्हटलं, "मागं कॅमेरा बसतो. मी पुढं असते. टाळी माझीच. जमत नसेल तर दुसरा व्हिडिओवाला बघा."

ते म्हणाले, "आवं, तसं न्हाई." मग म्हणाले, "बघू." हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.  ती ऑर्डर गेली असती तर पुढची कुणी दिली नसती, हे मला कळत होतं. टाळीवाल्याच्या विधवेला हळदीत बोलवायचं की नाही, हे सगळा तालुका येडगावात बघणार होता. आणि मला हेही कळत होतं, की एकदा मागे बसले की मी कायमची मागे बसले.

आत्याबाईंना सांगितलं. तुझी आई. मला वाटलं होतं, त्या माझ्या बाजूनं बोलतील. त्या म्हणाल्या, "जाऊ नगं. कशाला हात दाखवून अवलक्षण? मी बसलीये की मागं. सवय व्हती."

"कुठं बसलात मागं?"

"समद्यांच्याच लग्नात. तुमच्यात बी. इलासच्या हळदीला मी मांडवाच्या भाइर व्हते, मागल्या दारी. त्याचा बा जाऊन लई वरसं झालती, तरी भाऊबंद म्हनले, नगं. मी तिथनंच गायले."

 इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि मला हे माहीत नव्हतं. माझ्या हळदीच्या वेळी मी माझ्या घरी, तुझ्याकडे काय झालं मला काय ठाऊक.

"त्या कॅशेटीत मी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "इलासनं लई येळा लावून बघितली. म्हनला, आई, तुजा आवाज कुटं गेला. म्या म्हनलं, आरं, मी लांब व्हते."

विलास, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. इतकं भांडलो आपण त्या मागच्या दोन स्पीकरवरून, इतका चहा प्यायलो, आणि एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही की मागे कोण बसलं होतं. त्या दिवशी गाडीवर गप्प बसून तू चंद्राआज्जीचा विचार करत नव्हतास. झाकण लावलेला तो कॅमेरा तू गावोगाव कुणासाठी ठेवत होतास, हे तू गेल्यावर मला तुझ्या आईकडून कळावं? ह्याचा मला फार राग आहे. आणि त्याच्याबरोबर असं काही आहे की ते मनात आलं की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेते. सांगितलं असतंस तर मी भांडले नसते, असं तुला वाटलं असेल. मी भांडलेच असते. पण मग मी तुझ्या आईसाठीच भांडले असते.

आत्याबाईंना मी म्हटलं, "तुम्ही बसलात म्हणून मी बसणार नाही. तुम्ही बसलात म्हणूनच नाही बसणार."  हळदीच्या सकाळी मी बॅग भरत होते, तर त्यांनी तो जुना हॅन्डीकॅम पदरानं पुसून माझ्या बॅगेत ठेवला. झाकण नीट बसलंय का ते बोटानं दाबून बघितलं.

येडगावला पोचले. मांडव तोच, माणसं तीच. चंद्राआज्जी मागच्या कडेला बसलेली, जरा वाकलेली. मी तिच्या शेजारी कॅमेरा ठेवला. म्हटलं, "आज्जी, आज पुढं चला माझ्याबरोबर."

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "मी हितंच बरी. तू जा." मग माझा हात धरून म्हणाली, "इलासभाऊचा हात लई गार आसायचा. तुजा बी गार हाये."

पुढे आले. हळदीचं ताट तयार, नवरी पाटावर, आणि मधोमध थोरले जावई, नवा सफारी घालून, दोन्ही हात आधीच वर करून उभे. दोन्ही कॅमेरे चालू होते. मी त्यांच्यासमोर गेले. "जावईबापू, जरा बाजूला सरा." ते सरले. मला वाटतं, घाबरून सरले. कुणीतरी बाई "अगं बाई" म्हणाली. बबनराव हात वर करून माझ्याकडे निघाले, "वहिनी, ऐका..."

मी टाळी वाजवली.

तुझ्यासारखी कडकडीत आली नाही. पण आली.  मी पुढे बघत होते, पण कान माझे सगळे मागे होते. आणि मागून सुरू झालं, हळदीचं बोट बाई. आज्जीचा आवाज पहिल्यापेक्षा फाटला होता. तिला दुसऱ्या म्हाताऱ्यांनी साथ दिली.

पण जमलं, जमलं म्हणून आनंद करावा तर ते आपले लोक कसले. नवरीच्या आत्यानं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "पुन्यांदा घ्या. पावण्यांच्या हातची घ्या." मग जावईबापूंनी टाळी वाजवली, चांगली दणदणीत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि हळद लागली. मी कॅमेऱ्यामागे गेले आणि शूटिंग केलं. बबनराव दिवसभर माझी नजर चुकवत होते. निघताना त्यांनी स्वतः माझी बॅग गाडीपर्यंत आणली, एवढं मात्र सांगितलं पाहिजे.

दुकानात येऊन दोन्ही टेपा कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. दोन सुया उभ्या. पहिली माझी, दुसरी जावईबापूंची. आणि मागच्या फाइलीत मी काय बघितलं, सांगू? आज्जीचं गाणं माझ्या सुईपासून सुरू होतं. जावईबापूंची सुई त्या गाण्याच्या मधोमध आहे. आज्जी त्यांच्यासाठी थांबलीच नाही. नवरीच्या आत्यानं काहीही म्हणू दे, हळद माझ्या टाळीनं लागली. ह्याला दोन कॅमेरे साक्षीला आहेत, त्यातल्या एकाचे डोळे मिटलेले असले तरी.

जावईबापूंची टाळी मी कापली. सफाईनं कापली, गाण्याला धक्का लागला नाही.

मग तुझा आवाज शोधायला बसले. इतक्या लग्नांच्या फाइली आपल्याकडे, कुठेतरी तू असशीलच. नाहीस. तू कायम कॅमेऱ्याच्या मागे, आणि कॅमेरा चालू असला की तू बोलायचा नाहीस. टेपा आपण पुन्हा पुन्हा वापरल्या, तुझ्यावर दुसऱ्यांची लग्नं चढली. कपाटाच्या तळाशी काही टेपा सापडल्या, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला फक्त तुझी टाळी. एक टाळी, मग दुसऱ्यांचं लग्न. त्या टाळ्या मी एकापाठोपाठ एक लावून ऐकल्या. डीव्हीडीतून त्या मीच कापायचे, रोज, बिनदिक्कत. इतकी माणसं त्यांच्या लग्नात ठेवली आपण, आणि तुला मी माझ्या हातानं कापत आले. ह्यात माझी चूक नव्हती, ते कामच तसं होतं. पण आता ते काम तसं राहणार नाही.

आणि आपलं भांडणही मी मिटवणार नाही. एका डीव्हीडीवर दोन आवाज बसतात, रिमोटवर बटण दाबलं की बदलतात. हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. दोघंही हट्टी, म्हणून कुणी म्हणालं नाही. येडगावच्या डिस्कवर मी दोन्ही बसवलेत. एकात सहा स्पीकर, तुझ्या मनासारखे, आज्जी मागे, मान वळवायला लावणारी. दुसऱ्यात दोन स्पीकर, माझ्या मनासारखे, आज्जी सगळ्यांच्या पुढे, बँडच्याही पुढे. जिंकलं कुणी नाही. तू समोर असतास तर म्हणाला असतास, दोन्ही डगरींवर पाय. असू दे.

काल डिस्क तयार झाली. आत्याबाईंना दुकानात आणलं, मधोमध त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि सहा स्पीकरवर लावली. मेनू गेला, पडदा काळा झाला, आणि माझी टाळी आली. ती मी कापलेली नाही. सहाच्या सहा स्पीकरला दिली आहे. पुढून, मागून, मधून, जमिनीवरच्या डब्यातूनसुद्धा. इथून पुढे आपल्या दुकानातून जी डिस्क जाईल तिच्या सुरुवातीला टाळी असणार. तुझ्या टेपा सापडल्या, त्या लग्नांच्या डिस्कही मी परत काढणार आहे, आणि त्यांच्या सुरुवातीला तू असशील.

आत्याबाई दचकल्या. मागून गाणं सुरू झालं, तशा त्या वळल्या, मागच्या स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लई जोरात वाजली," त्या म्हणाल्या.

"वाजवलीच जोरात," मी म्हटलं.